आकाशांतून मोजलेली जमिनीची उंची

(नभोवाणीवरील भाषण)

चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस असलेला माझा एक जुना विद्यार्थी एका रविवारीं सकाळीं माझ्याकडे आला. चहा झाला, मुलाबाळांची विचारपूस झाली; पण त्याच्या मनांत दुसरेंच कांहीं घोळत आहे हें दिसत होतें. शेवटीं तो म्हणाला, “गुरुजी, इंद्रायणीच्या कांठीं दोन गुंठ्यांचा तुकडा मिळतो आहे. भाव परवडण्यासारखा आहे. पण चिखलीची हकीकत ऐकल्यापासून घरांत कोणाला झोंप नाहीं. म्हणून मीं मोबाइलवर उंचीचा नकाशा काढून पाहिला. ही जागा नदीच्या पाण्यापेक्षां नऊ मीटर उंच आहे. नऊ मीटर म्हणजे जवळजवळ तीस फूट! मग भीति कसली?”

मीं विचारलें, “ही उंची मोजली कोणी?”

“उपग्रहानें, गुरुजी. आणि उपग्रह चुकेल कसा?”

उपग्रह चुकेल कसा, हाच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकच्या पलीकडे माझें शिक्षण गेलें नाहीं, आणि सारा जन्म मुलांस अंकगणित व भूगोल शिकविण्यांत गेला. परंतु त्या दिवशीं माझ्या ध्यानांत आलें कीं, एवढ्या शिदोरीवरहि या प्रश्नाचा बराचसा उलगडा करतां येतो. तोच आपणांपुढें ठेवतों.

प्रथम चिखलीची हकीकत. १७ मे २०२५ रोजीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनें चिखली येथें इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आंत उभे असलेले ३६ बंगले पाडले. हें काम राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशान्वयें झालें. ही निळी रेषा म्हणजे काय? सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर पोंचेल, ती मर्यादा. तिच्या वरच्या अंगास लाल रेषा असते. ती शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. या रेषा नदीनें स्वतः आंखून दिलेल्या नसतात. पुराच्या पाण्याची उंची हिशेबानें काढावयाची, जमिनीची उंची मोजून घ्यावयाची, आणि जेथें दोहोंचा मेळ बसेल तेथें रेषा ओढावयाची, अशी ती रीत आहे. तेव्हां जमिनीच्या उंचींत चूक झाली कीं रेषा सरकलीच. नदीकांठची जमीन शंभर मीटर चालून गेल्यावर एक मीटर चढत असेल, तर उंचींतील ४ मीटरांची चूक त्या रेषेला ४०० मीटर अलीकडे किंवा पलीकडे नेते. एवढ्या अंतरांत एक अख्खी वसाहत बसते. म्हणून उंचीच्या आंकड्यांत चूक किती, हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. ज्याला घर बांधावयाचें आहे त्या प्रत्येकाचा आहे.

आतां ही उंची आकाशांतून मोजतात कशी, तें पाहूं. आज कोणालाहि फुकट मिळणारे जे जगाचे उंचीचे नकाशे आहेत, त्यांपैकीं पुष्कळांच्या मुळाशीं ‘एन्डेव्हर’ या अमेरिकन अवकाशयानाची एकच सफर आहे. ११ फेब्रुवारी २००० रोजीं हें यान उडालें आणि २२ तारखेस परत उतरलें. आंत सहा माणसें होतीं. म्हणजे माझा विद्यार्थी ज्याला उपग्रह म्हणत होता, तें खरोखर दहा-अकरा दिवस पृथ्वीभोंवतीं फिरलेलें एक यान होतें. सुमारें २३३ किलोमीटर उंचीवरून त्यानें उत्तरेस ६० अंशांपासून दक्षिणेस ५६ अंशांपर्यंतचा प्रदेश रडारनें मोजला. पृथ्वीवरील सुमारें ८० टक्के जमीन त्यांत आली. आपली पिंपरी, चिंचवड, देहू, आळंदी, चाकण हीं सारीं गांवें त्यांत आलींच.

रडारचें तत्त्व सोपें आहे. डोंगराच्या कड्यासमोर उभें राहून हाक मारावी, आणि पडसाद किती वेळानें आला त्यावरून कडा किती दूर आहे तें ओळखावें, तशांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें हाक रेडिओच्या लहरींची असते, आणि तिला ना रात्र आड येत, ना ढग. परंतु नुसतें अंतर कळून उंची कळत नाहीं. पडसाद कोणत्या दिशेनें आला हेंहि कळावें लागतें. त्यासाठीं एन्डेव्हरला दोन कान दिले होते: एक यानाच्या पोटांत, आणि दुसरा बाहेर काढलेल्या ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या टोंकाला. जमिनीवरून परतलेली एकच लहर या दोन कानांस किंचित् मागेंपुढें पोंचते. हा फरक इतका सूक्ष्म असतो कीं, ५.६ सेंटिमीटर लांबीच्या त्या लहरीचा केवढा अंश मागें पडला, यावरून तो मोजावा लागतो. त्या फरकावरून दिशा निघते. दिशा आणि अंतर हातीं आलीं म्हणजे त्रिकोणमितीनें उंची निघते. शाळेंत आपण मनोऱ्याची उंची काढतों, तेंच गणित. मात्र मनोऱ्याखालीं उभें राहण्याऐवजीं आकाशांत बसून केलेलें.

हा दांडा किती स्थिर राहिला पाहिजे, याची कल्पना करा. एका अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात, आणि कलेच्या साठाव्या भागास विकला. दांडा अवघ्या एका विकलेनें कलला, आणि तें आपणांस कळलें नाहीं, तर जमिनीची उंची सुमारें १ मीटरनें चुकते. यानावरील उपकरणें दांड्याची हालचाल सतत टिपून घेत होतीं, आणि पुढें हिशेबांतून ती वजा करण्यांत आली. तरी कांहीं बाकी राहिलीच. ज्यांनीं हें काम अंगावर घेतलें, त्यांनींहि अचूकपणाची बढाई मारलेली नाहीं. त्यांचें अभिवचन एवढेंच होतें कीं, शंभरांतील नव्वद ठिकाणीं उंचीची चूक १६ मीटरांच्या आंत राहील. सोळा मीटर म्हणजे पांच मजल्यांची इमारत. प्रत्यक्षांत काम त्याहून पुष्कळच चांगलें उतरलें, तें पुढें सांगेन. परंतु नऊ मीटरांवर विसंबून जागा घेणाऱ्यानें हें अभिवचन आधीं वाचावयास हवें होतें.

यासाठीं उंचीचा कोणताहि आंकडा पुढें आला कीं त्याला चार प्रश्न विचारावे, असें मी सुचवितों. तूं किती जागेचा आहेस? तूं जमिनीचा आहेस कीं जमिनीवरच्या वस्तूंचा? तुझें शून्य कोणतें? आणि तूं केव्हांचा आहेस?

पहिला प्रश्न जागेचा. असा नकाशा म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतात, आणि प्रत्येक चौकोनांत उंचीचा एकच आंकडा असतो. एन्डेव्हरचा जो नकाशा आरंभीं भारतासाठीं खुला झाला, त्यांतील एका चौकोनाची बाजू सुमारें ९० मीटर होती. म्हणजे एका आंकड्यांत दोन एकर. २०१४ पासून टप्प्याटप्प्यानें सुमारें ३० मीटर बाजूचे चौकोन उपलब्ध झाले. तीस गुणिले तीस म्हणजे नऊशें चौरस मीटर, अर्थात् सुमारें नऊ गुंठे. माझ्या विद्यार्थ्याचा तुकडा दोन गुंठ्यांचा. त्या चौकोनांत त्याचे दोन गुंठे, शेजाऱ्याचा बांध, एखादी विहीर आणि ओढ्याचा उतार, इतकें सारें कोंबलेलें असूं शकतें. आणि तरी आंकडा एकच. वर्गाची सरासरी पन्नास गुण आली म्हणून शेवटच्या बांकावरचा मुलगा उत्तीर्ण झाला असें कोणी मानीत नाहीं. तोच न्याय येथें लावावयाचा.

दुसरा प्रश्न असा कीं, रडारला नेमकें काय दिसलें? साडेपांच सेंटिमीटरांची लहर दाट झाडोऱ्यांतून जमिनीपर्यंत पुरती उतरत नाहीं. पानांफांद्यांमध्यें कोठें तरी अडून परत फिरते. त्यामुळें आंब्याच्या राईच्या जागीं हा नकाशा जमीन उचलून दाखवितो. फेब्रुवारी हा आपल्याकडे रब्बीची ज्वारी शेतांत उभी असण्याचा आणि उसाचे कांहीं फड तोडणीवांचून राहिलेले असण्याचा महिना. कारखान्यांचीं पत्र्याचीं छपरें व भिंती तर रडारला आणखीच फसवितात. लहर जमिनीवर आपटून भिंतीवर जाते आणि मग परत फिरते, म्हणून पडसाद जेथला आहे तेथला न वाटतां दुसरीकडचा वाटतो. सह्याद्रीच्या खोल दऱ्यांत लहर पोंचतच नाहीं. कड्याच्या मागें जशी उन्हाची सावली पडते तशी रडारचीहि पडते, आणि तेथें आंकडा कोराच राहतो.

पाण्याची गोष्ट याहून निराळी. रडार तिरकें पाहतें. संथ पाण्यावर पडलेली लहर आरशावरून कवडसा जावा तशी पलीकडे निघून जाते. परत येत नाहीं. म्हणून मोठे जलाशय व रुंद नद्या यांच्या पृष्ठांचे आंकडे मागाहून दुरुस्त करून सपाट करण्यांत आले. इंद्रायणी आणि पवना यांचीं अरुंद पात्रें मात्र कांठच्या बाभळींसह आणि दरडींसह त्या चौकोनांत मिसळून गेलीं. त्यांतून पाण्याखालचा तळ तर रडारला केव्हांच दिसत नाहीं. “नदीच्या पाण्यापेक्षां नऊ मीटर” असें माझा विद्यार्थी म्हणाला, तेव्हां त्यानें दोन आंकड्यांची वजाबाकी केली होती. आणि त्यांतील नदीचा आंकडा तर दोहोंमध्यें अधिक संशयास्पद होता.

तिसरा प्रश्न शून्याचा. उंची कशापासून? आपण झटकन म्हणतों, समुद्रसपाटीपासून. ही सपाटी ठरविण्यासाठीं हिंदुस्थानांत मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ बंदरांवर भरतीओहोटीचीं मापें घेण्यांत आलीं, आणि त्यांवर आधारलेलें पातळीचें जाळें १९०९ सालीं सिद्ध झालें. तेथून गज आणि दुर्बीण घेऊन, पावलापावलानें, सर्वेक्षण खात्याच्या लोकांनीं ही पातळी देशाच्या कानाकोपऱ्यांत नेली, आणि ठिकठिकाणीं दगडांवर खुणा करून ठेवल्या. आपल्या रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाट्यांवर खालीं बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगांव अशा प्रवासांत ती वाचीत जाणें हा माझा जुना छंद आहे.

उपग्रहांना मात्र समुद्र ठाऊक नसतो. ते दोन्ही ध्रुवांकडे किंचित् चपट्या अशा एका गणिती गोलापासून उंची मोजतात. खरी समुद्रसपाटी त्या गोलाशीं जुळत नाहीं, कारण पृथ्वीचें गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखें नाहीं. तें कोठें पाणी ओढून घेतें, कोठें सोडतें. आपल्या देशाच्या दक्षिणेस हिंदी महासागरांत समुद्रसपाटी या गणिती गोलाच्या १०० मीटरांहूनहि अधिक खालीं दबलेली आहे, आणि आपल्या पुणें भागांतहि ती ६० मीटरांहून अधिक खालीं आहे. याचा परिणाम असा कीं, जी जागा समुद्रसपाटीपासून ५७० मीटर उंच, तिची कच्ची उपग्रही उंची ५१० च्याहि खालीं भरते. एन्डेव्हरच्या नकाशांत हा फरक आधींच हिशेबांत धरून समुद्रसपाटीची उंची दिलेली आहे. परंतु उपग्रहावरून जागा सांगणारें एखादें उपकरण कच्चा आंकडा दाखवितें. एकाचा आंकडा दुसऱ्याशीं ताडून पाहिला, तर दोन्ही निर्दोष असतांहि साठ मीटरांची खोटी चूक निघते. मापें दोन, पण शून्य एक आहे ना, हें पाहिल्यावांचून वजाबाकी करूं नये.

चौथा प्रश्न काळाचा, आणि आपल्या भागापुरता तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एन्डेव्हरचा नकाशा फेब्रुवारी २००० मधला आहे. त्यानंतर चाकणचें काय झालें, हें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. तेथील फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्यें सुरू झाला. ती जागा एन्डेव्हरनें मोजली तेव्हां तेथें कारखान्याची भिंतहि नव्हती. माळ कापून सपाट केले गेले, खोलगट जागीं मुरुमाचा भराव पडला, खडीसाठीं टेकड्या पोखरल्या गेल्या, ओढ्यांच्या अंगावर रस्ते चढले. आज तेथें दुर्बीण लावून उंची मोजली आणि ती नकाशाशीं जुळली नाहीं, तर दोष कोणाचा? नकाशा चुकला नाहीं, दुर्बीण चुकली नाहीं; मधल्या काळांत जमीनच बदलली. अशी तफावत चुकांच्या खातीं मांडणें म्हणजे लहानपणचा फोटो जुळत नाहीं म्हणून छायाचित्रकारास बोल लावणें होय.

आतां नकाशाची परीक्षा घेतात कशी, याकडे वळूं. रीत जुनीच आहे. १० एप्रिल १८०२ रोजीं विल्यम लॅम्टन यानें मद्रासजवळ साखळीनें एक आधाररेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस प्रारंभ केला. एका रेषेवरून त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे आला. परंतु गणितानें निघालेल्या लांबीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा तो नव्हता. दूरवर आल्यावर दुसरी आधाररेषा तो पुन्हा प्रत्यक्ष मोजीत असे, आणि गणित व मोजमाप यांची तोंडओळख करून देत असे. हेंच काम करीत असतां २० जानेवारी १८२३ रोजीं आपल्या विदर्भांत हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला. पडताळा हा त्या शास्त्राचा प्राण आहे, आणि आकाशांतून मोजणी होऊं लागली म्हणून तो बदललेला नाहीं.

उंचीच्या नकाशाचा पडताळा असा: ज्यांची उंची खात्रीची आहे अशीं ठिकाणें निवडावीं, प्रत्येक ठिकाणीं नकाशाची उंची वाचावी, आणि खरी उंची त्यांतून वजा करावी. कसोटीचें माप हें पारखल्या जाणाऱ्या मापाहून निदान तिपटीनें तरी नेमकें असावें, नाहीं तर पारख कोणाची होत आहे हेंच कळणार नाहीं. मग हातीं आलेल्या चुकांचा अभ्यास करावा. येथें एक लहानसें गणित घालतों.

समजा, पांच ठिकाणच्या चुका अनुक्रमें अधिक ७, ५, ६, ४ आणि ८ मीटर आल्या. बेरीज ३०, सरासरी ६. दुसऱ्या एका नकाशांत त्याच पांच ठिकाणीं अधिक ९, उणे ८, अधिक ३, उणे ७ आणि अधिक ३ अशा चुका आल्या. यांची बेरीज शून्य, म्हणून सरासरीहि शून्य! मग दुसरा नकाशा निर्दोष ठरला काय? मुळींच नाहीं, उण्यानें अधिकाला खाल्लें एवढेंच. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक चुकेचा वर्ग करतात, वर्गांची सरासरी घेतात आणि तिचें वर्गमूळ काढतात. त्या रीतीनें पहिल्या नकाशाची चूक सुमारें ६.२ मीटर आणि दुसऱ्याची सुमारें ६.५ मीटर निघते. आतां दोघे जवळजवळ बरोबरीचे वाटूं लागले. पण तेंहि खरें नाहीं. एक घड्याळ रोज बरोबर सहा मिनिटें पुढें असतें, आणि दुसरें कधीं नऊ मिनिटें पुढें तर कधीं आठ मिनिटें मागें. पहिल्यावर शाळा भरवितां येते. सहा मिनिटें मनांत वजा केलीं कीं झालें. दुसऱ्यावर कांहींच भरवितां येत नाहीं. पहिल्या नकाशांतून सहा मीटर वजा केले कीं उरलेली चूक दीड मीटरच्या आंत येते. म्हणून चूक किती, या प्रश्नास एक आंकडा पुरत नाहीं. सरासरी चूक आणि तिच्याभोंवतालचा विखार, हीं दोन्ही सांगावीं लागतात.

एन्डेव्हरच्या नकाशाची अशी परीक्षा अमेरिकन शास्त्रज्ञांनीं जगभर घेतली. उपग्रहावरून जागा सांगणारीं नेमकीं उपकरणें मोटारींवर चढवून त्या शेंकडों मैल रस्त्यांनीं नेल्या, आणि वाटेंतील उंचीशीं नकाशा ताडून पाहिला. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें युरोप-आशिया भूखंडांत शंभरांतील नव्वद चुका ६.२ मीटरांच्या आंत होत्या. सोळा मीटरांचें अभिवचन देऊन सहा मीटरांचें काम करून दाखविणें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

पण परीक्षकाच्या नात्यानें मला येथें एक शंका येते. मोटारी रस्त्यांवरूनच जाणार, आणि रस्ते बहुधा उघडे व सौम्य चढणीचे. म्हणजे प्रश्नपत्रिकेंत सोपे प्रश्न अधिक पडले. दाट झाडींत, उभ्या कड्यावर, किंवा छपरांच्या दाटींत तोच विद्यार्थी इतके गुण मिळवील असें नाहीं. डोंगरावर तर आणखी एक गोम आहे. नकाशा आडवा किंचित् सरकलेला असला, तर चाकणच्या माळावर त्यानें फारसें बिघडत नाहीं. पण ३० अंशांच्या उतारावर १५ मीटरांचें आडवें सरकणें म्हणजे उंचींत सुमारें ९ मीटरांची चूक. त्यामुळें माळावर घेतलेल्या परीक्षेचें प्रमाणपत्र घोरावडेश्वराच्या किंवा भंडाऱ्याच्या चढणीवर चालत नाहीं. ज्या प्रकारच्या जमिनीवर नकाशा वापरावयाचा, त्याच प्रकारच्या जमिनीवर त्याची परीक्षा घ्यावी.

एन्डेव्हरनंतर याहून चांगलीं साधनें निघालीं आहेत, त्यांचा थोडक्यांत उल्लेख करतों. २००७ व २०१० मध्यें सोडलेले दोन जर्मन रडार उपग्रह जोडीनें, एकमेकांपासून कांहींशें मीटरांवर उडत राहिले. म्हणजे दोन कान दोन निराळ्या देहांवर बसविले, आणि दांड्याची गरजच उरली नाहीं. त्यांच्या मोजणीवरून केलेला ३० मीटर चौकोनांचा नकाशा आज मोफत मिळतो, आणि त्याची चूक नव्वद टक्के ठिकाणीं ४ मीटरांपेक्षां कमी असल्याचें सांगण्यांत येतें. मात्र त्यांची लहर अवघी तीन सेंटिमीटरांची, म्हणून ती झाडांच्या शेंड्यांतच अधिक अडते. भारतानें ५ मे २००५ रोजीं सोडलेल्या कार्टोसॅट-१ नें रडारऐवजीं दोन कॅमेऱ्यांनीं, माणसाच्या दोन डोळ्यांप्रमाणें, उंची टिपली. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेलेला भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह दर १२ दिवसांनीं तीच जमीन पुन्हा पाहतो. त्याचें मुख्य काम उंची सांगण्याचें नसून, जमीन किती खचली वा सरकली हें सेंटिमीटरांत सांगण्याचें आहे. उंची आणि उंचींतील बदल या दोन गोष्टींची गल्लत होऊं देऊं नये.

मग हे नकाशे निरुपयोगी म्हणावयाचे काय? तसें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. पवनेचें पाणलोट क्षेत्र केवढें, चाकणच्या पठाराचें पाणी भीमेकडे किती जातें व इंद्रायणीकडे किती, एखाद्या रस्त्यास कोणती खिंड सोयीची, अशा प्रश्नांना चारसहा मीटरांच्या चुकेनें बाध येत नाहीं. तेथें हे नकाशे मोठें वरदान आहेत. पूर्वीं ज्या कामास वर्षानुवर्षें लागत तें आतां एका दिवसांत होतें. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर एका फुटावर अवलंबून आहे, त्याला हा गज लावूं नये. कापड मोजण्याच्या गजानें सोनाराचा कांटा तपासावयाचा नसतो.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या तुकड्याचें काय झालें, तें सांगून पुरें करतों. पुढच्या रविवारीं आम्ही दोघे त्या जागीं गेलों. बरोबर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणि दोन पट्ट्या घेतल्या. गांवच्या घाटावरील एका भिंतीवर मागच्या मोठ्या पुराची खूण लोकांनीं कोरून ठेविली होती. तेथून नळीनें पातळी काढीत, दर दहा मीटरांवर थांबत, आम्ही त्या तुकड्यापर्यंत आलों, आणि दुसऱ्या वाटेनें मोजीत परत खुणेपाशीं गेलों. जाण्यायेण्यांत दोन बोटांचा फरक पडला. तेवढी आमची चूक. नदीच्या त्या दिवशींच्या पाण्यापासून तुकड्याची उंची नऊ मीटर नव्हती, साडेपांच होती. पुराच्या खुणेपेक्षां त्याची खालची कड अवघी दीड फूट वर होती. बांधालगत जुन्या आंब्यांची एक ओळ उभी होती. मोबाइलवरच्या उरलेल्या मीटरांपैकीं कित्येक त्या आंब्यांच्या शेंड्यांत गेले असावे, असा आमचा तर्क.

एवढ्यावरहि आम्ही निकाल दिला नाहीं; कारण दोन बोटांच्या चुकेची नळी असली, तरी पंचवीस वर्षांचा पूर किती चढेल हें नळीला ठाऊक नसतें. तो कचेरींत गेला आणि त्यानें अधिकृत पूररेषेचा नकाशा पाहिला. तुकड्याची खालची कड निळ्या रेषेच्या आंत होती, आणि उरलेला भाग लाल रेषेच्या. त्यानें इसाराची रक्कम दिली नव्हती, म्हणून नुकसान कांहीं झालें नाहीं. परत येऊन तो मला म्हणाला, “गुरुजी, उपग्रह खोटें बोलला.”

मीं म्हटलें, “नाहीं रे बाबा. त्यानें आपली चूक किती तें आधींच सांगून ठेवलें होतें. आपण तेवढें वाक्य वाचलें नाहीं.”

श्रोतेहो, आंकड्याच्या शेजारीं त्याची चूक लिहिलेली नसेल, तर तो आंकडा अपुरा समजावा, आणि ती लिहिलेली असेल, तर ती आधीं वाचावी. एवढें आपण केलेंत, तर माझ्या या बोलण्याचें सार्थक झालें असें मी समजेन.